गंजलेल्या आगगाडीवर उपचार



चावी दिली की घर्रर्र आवाज करीत गोल रुळांवरून धावणारी पत्र्याची आगगाडी तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. विजेवर चालणारी खेळणी सर्वांच्या आवाक्यात येण्यापूर्वी इंग्लंडमधील मुले नाताळच्या भेटीत जी खेळणी मागत, त्यांत ही चावीची आगगाडी फार वरच्या क्रमांकाची होती. १९३० च्या सुमारास ज्यांना ती मिळाली, ती मुले पुढे आजोबा-पणजोबा झाली. त्यांच्या आगगाड्या मात्र अजूनही पोटमाळ्यावरच्या खोक्यांतून बाहेर निघतात. रंग उडालेला, पत्रा गंजलेला, चावी फिरत नाही, चाकांना तडे गेलेले, अशी त्यांची अवस्था असते.

अशी गाडी नातवंडांच्या हाती पडली, तर पहिला विचार कोणता येतो? सँडपेपरने गंज घासून काढावा, वर झकास नवा रंग द्यावा आणि यंत्रात भरपूर तेल ओतावे! या तिन्ही गोष्टींनी गाडीचे नुकसान होते, आणि त्यांतले काही नुकसान पुन्हा कधीच भरून येत नाही. असे का? वैद्य जसा आधी रोगाचे निदान करतो व मगच औषध देतो, तसे आपण या गाडीचे निदान करू.

आधी थोडा इतिहास

या आगगाड्यांचा जनक फ्रँक हॉर्नबी. त्याचा जन्म १८६३ मध्ये लिव्हरपूल येथे झाला. आपल्या मुलांसाठी त्याने धातूच्या पट्ट्या कापल्या, त्यांना सारख्या अंतरावर भोके पाडली आणि नटबोल्टांनी त्या जोडून पूल, याऱ्या यांसारखी खेळणी तयार केली. या कल्पनेचे पेटंट त्याने १९०१ मध्ये घेतले. पुढे जगप्रसिद्ध झालेले ‘मेकॅनो’ ते हेच. १९२० मध्ये त्याच्या कारखान्याने चावीची आगगाडी बाजारात आणली. तिच्या दोन रुळांमधील अंतर ३२ मिलिमीटर होते. विशेष म्हणजे ही पहिली गाडी मेकॅनोप्रमाणेच नटबोल्टांनी जोडलेली होती. मुलाला ती खोलता येई व पुन्हा जोडता येई. लिव्हरपूलचा हा कारखाना १९७९ मध्ये बंद पडला.

पत्रा का गंजतो?

गाडीचे डबे ज्या पत्र्याचे असतात, तो म्हणजे कथिलाचा पातळ मुलामा दिलेले पोलाद. आपल्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करतात, तीही कथिलाचीच. कथिल सहजासहजी गंजत नाही, म्हणून मुलामा अखंड असेपर्यंत आतले पोलाद सुरक्षित राहते.

पण खेळताना गाडी घसरते, आपटते, तिला ओरखडे पडतात. ओरखड्यातून पोलाद उघडे पडले, की हवेतील ओलाव्यामुळे तेथे एक चिमुकला विद्युत्-घट तयार होतो. कथिलापेक्षा लोखंड अधिक क्रियाशील आहे. ते इलेक्ट्रॉन देऊन टाकते व स्वतः झिजत जाते. कथिल मात्र तसेच राहते. म्हणजे ज्याने रक्षण करायचे, त्याच्याच सान्निध्यात लोखंड अधिक झपाट्याने गंजते! जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीची गोष्ट नेमकी उलट असते. जस्त लोखंडापेक्षा क्रियाशील असल्यामुळे ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजते आणि लोखंडाला वाचवते.

गंज हा मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तो रंगाखाली पसरला की रंग फुगतो व त्याचे पोपडे निघतात. आता तुम्ही सँडपेपर चालवलात, तर गंजाबरोबर शेजारचा चांगला रंग आणि त्याखालचे शाबूत कथिलही खरवडून निघेल. म्हणजे पोलादाचा आणखी मोठा भाग उघडा पडेल. शिवाय त्या काळच्या रंगांत शिशाची संयुगे असण्याचा संभव असतो. त्यांची धूळ श्वासावाटे वा हातावाटे पोटात जाणे घातक आहे.

मग करावे काय? गाडी आधी कोरडी करावी. मऊ फडक्यावर शिवणयंत्राच्या पातळ तेलाचा थेंब घेऊन गंजाचा सुटा भाग हलक्या हाताने टिपावा. आधी तळाशी, न दिसणाऱ्या जागी फडके फिरवून रंग सुटत नाही ना, हे पाहावे. स्पिरिट किंवा नखांचा रंग काढण्याचे द्रव्य जवळही आणू नये. त्यांत जुना रंग विरघळतो. शेवटी रंगावर मेणाचा अगदी पातळ थर द्यावा, म्हणजे ओलावा आत शिरत नाही. काम झाल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवावेत.

चावी का फिरत नाही?

चावी फिरवताना आपण पोलादाची एक लांब पट्टी गुंडाळत असतो. हीच कमान, म्हणजेच स्प्रिंग. आपल्या हाताने केलेले कार्य तिच्यात स्थितिज ऊर्जेच्या रूपाने साठते आणि दंतचक्रांमार्फत चाकांना मिळते. ही ऊर्जा किती असेल? समजा, इंजिनाने सरासरी १ न्यूटन बल लावून डबे १० मीटर ओढले, तर १० जूल कार्य झाले. १ किलोग्रॅम वस्तुमान सुमारे १ मीटर उंच उचलण्यास लागते, तेवढी ही ऊर्जा! ती एकदम सुटली तर बोट चांगलेच कापू शकते. म्हणून इंजिन उघडण्यापूर्वी कमान पूर्ण सैल झाली आहे, याची खात्री करावी व हे काम मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच करावे.

बहुतेक वेळा कमान शाबूत असते. अडथळा असतो तो जुन्या तेलाचा. स्वयंपाकघरातील तेलाच्या बुधलीला बाहेरून चिकट, पिवळसर थर चढलेला तुम्ही पाहिला आहे ना? वनस्पती-तेलांच्या रेणूंत द्विबंध असतात. तेथे हवेतील ऑक्सिजन जोडला जातो, रेणू एकमेकांत गुंततात आणि पातळ तेलाचा डिंक बनतो. खनिज तेलही कालांतराने थोडेफार घट्ट होते, त्यात धूळ मिसळते, आणि ज्या वंगणाने घर्षण कमी करायचे तेच चाके धरून ठेवते. म्हणून दंतचक्रांना स्वयंपाकाचे तेल कधीही लावू नये. खोबरेल तर थंडीत गोठूनच बसते!

हा डिंक रॉकेलने सैल होतो. रॉकेल ज्वालाग्राही आहे. तेव्हा हे काम मोकळ्या हवेत, विस्तवापासून दूर आणि मोठ्यांना सोबत घेऊन करावे. जुन्या दात घासायच्या ब्रशाने दंतचक्रे हलकेच साफ करावीत, पूर्ण वाळू द्यावीत आणि मग सुईच्या टोकाने प्रत्येक आसाच्या टोकाला शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब द्यावा. रुळांवर टेकणाऱ्या चाकांच्या कडांना मात्र तेल लागू देऊ नये. तेथे घर्षण हवेच. नाही तर चाके जागच्या जागी फिरत राहतील व गाडी हलणार नाही.

कमानीवर गंज दिसला, तर लिंबाचा रस किंवा दुसरे आम्ल लावण्याचा मोह होईल. तो टाळा. आम्लाची लोखंडाशी क्रिया होऊन हायड्रोजन तयार होतो. त्याचे काही अणू पोलादात शिरतात. पाणी दिलेले कठीण पोलाद त्यामुळे ठिसूळ होते आणि चावी देताच कमान काडकन मोडू शकते. कमान तापवणेही तितकेच वाईट, कारण तापवल्याने पोलादाचे पाणी उतरते आणि लवचिकपणा जातो.

वाकवलेल्या जिभांचा इशारा

पुढच्या काळातील अनेक पत्र्याच्या खेळण्यांत नटबोल्टांऐवजी पत्र्याच्या लहान जिभा खाचेतून काढून वाकवलेल्या असतात. एखादी बारीक तार घेऊन एकाच जागी मागे-पुढे वाकवून पाहा. काही वेळा वाकवल्यावर ती ताठर होते आणि मग तुटते. धातूच्या स्फटिकांची रचना प्रत्येक वेळी विस्कटत जाते, त्याचा हा परिणाम. गाडीच्या जिभांचे आयुष्यही असेच मोजके असते. कारखान्यात त्या एकदा वाकल्या. तुम्ही उघडून मिटल्या की आणखी दोनदा. म्हणून उघडल्यावाचून चालत असेल, तर उघडू नये.

ज्यावर औषध नाही असा रोग

आता चाकांकडे वळू. १९३० नंतरच्या काही गाड्यांची चाके जस्ताच्या मिश्रधातूची, साच्यात ओतलेली असत. जस्तात सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम घातलेला हा मिश्रधातू अमेरिकेत १९२९ मध्ये पुढे आला. तो स्वस्त होता आणि त्यातून बारीक नक्षीही उठे. मात्र त्यासाठी लागणारे जस्त अत्यंत शुद्ध असावे लागते. आजच्या मानकांनुसार त्यात शिसे लाखात सुमारे पाच भागांहून अधिक चालत नाही!

शिसे याहून जास्त असेल, तर ते धातूच्या सूक्ष्म स्फटिककणांच्या सीमांवर जमते. दमट हवेत त्या सीमांवर क्षरण सुरू होते, धातू आतून फुगतो, त्याला तडे जातात आणि काही वर्षांनी बोटांनी दाबताच त्याचा चुरा होतो. याला ‘जस्ताची कीड’ म्हणतात. येथे कीटक वगैरे कोणी नसतो, आणि हा रोग लागणही करीत नाही. त्याचे बीज चाक ओतले गेले त्याच दिवशी आत पडलेले असते. कोरड्या जागी ठेवल्यास तो मंदावतो, पण बरा होत नाही. डिंकाने किंवा रंगानेही तो थांबत नाही.

येथे दुरुस्ती करणाऱ्यापुढे खरा पेच उभा राहतो. गाडी धावायला हवी असेल, तर चाके बदलावीच लागतात. ती बदलली, तर नाताळच्या सकाळी त्या मुलाच्या हाती आलेली गाडी जशीच्या तशी उरत नाही. चाके तशीच ठेवली, तर गाडी मूळची राहते, पण पुन्हा कधी धावत नाही. दोन्ही निर्णयांना आधार आहे. तथापि, एक नियम दोन्हीकडे लागू पडतो: जे कराल ते पुढे कोणाला काढून टाकता येईल असे करा, आणि काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून जपून ठेवा. नवी चाके काढता येतात. सँडपेपरने घासलेला रंग मात्र परत आणता येत नाही.

हा पेच पत्र्याच्या खेळण्यांपुरताच नाही. ‘विनी-द-पू’ या १९२६ च्या प्रसिद्ध पुस्तकातील बहुतेक प्राणी लेखक ए. ए. मिल्न यांच्या मुलाच्या, ख्रिस्तोफर रॉबिनच्या, खऱ्या खेळण्यांवरून घेतलेले आहेत. त्यांतले ईयोर हे कापडी गाढव त्याला १९२१ च्या नाताळात मिळाले होते. ही खेळणी १९८७ पासून न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहेत. तज्ज्ञांनी वर्षाहून अधिक काळ त्यांवर काम केले आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये ती पुन्हा लोकांना पाहायला ठेवली. त्यांनी कापड स्वच्छ केले, आकार सावरला, ठिगळे नीट केली. पण खेळणी नवीकोरी केली नाहीत. एका मुलाने ती किती वर्षे कवटाळली होती, हे त्या विरलेल्या कापडावरूनच तर कळते!

तुम्ही करून पाहा

कथिलाचा मुलामा असलेल्या डब्याचा एक तुकडा आणि जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याचा एक तुकडा मोठ्यांकडून कापून घ्या. कडा धारदार असतात. दोन्हींवर खिळ्याने खोल ओरखडा काढा. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यावर ते आठवडाभर ठेवा आणि फडके ओले राहील असे पाहा. रोज निरीक्षण करून वहीत नोंद करा. कोणत्या ओरखड्यात तांबूस गंज आधी दिसतो? दुसऱ्या तुकड्यावर पांढरी भुकटी दिसते का? ती कशाची असेल, हे आपल्या विज्ञानाच्या शिक्षकांना विचारा.

आणि घरात जुने चावीचे खेळणे असेल, तर त्याला हात लावण्यापूर्वी त्याचे सर्व बाजूंनी चित्र काढा किंवा छायाचित्र घ्या. ते कोणाला, केव्हा, कोणी दिले, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून त्याच कागदावर लिहा. मगच शिवणयंत्राचे तेल आणि सुई घेऊन बसा.