शब्दांच्या वाटा : वहाणेपलीकडचा मोची

ज्यातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, त्यावर ठासून मत देणाऱ्या माणसासाठी इंग्रजीत एक लांबलचक शब्द आहे : अल्ट्राक्रेपिडेरियन. लॅटिनमध्ये ‘अल्ट्रा’ म्हणजे पलीकडे आणि ‘क्रेपिडा’ म्हणजे वहाण.

यामागची गोष्ट प्लिनी या रोमन लेखकाने पहिल्या शतकात नोंदवली. अलेक्झांडरचा चित्रकार अपेलीज आपली चित्रं येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसतील अशी मांडायचा आणि मागे लपून लोक काय बोलतात ते ऐकायचा. एका मोच्याने चूक काढली : वहाणेला आतल्या बाजूने बंद ओवायची एक कडी कमी आहे. अपेलीजने ती सुधारली. त्यामुळे मोच्याला चेव आला आणि दुसऱ्या दिवशी तो चित्रातल्या पायालाच नावं ठेवू लागला. तेव्हा मात्र अपेलीजने पुढे येऊन त्याला बजावलं, की मोच्याने वहाणेच्या वर जाऊ नये. जगाने हा दुसरा दिवसच लक्षात ठेवला. एवढ्या मोठ्या चित्रकाराने मोच्याचं ऐकून चित्र बदललं, तो पहिला दिवस मला अधिक मोलाचा वाटतो.

या गोष्टीवरून इंग्रजी शब्द घडवला निबंधकार विल्यम हॅझलिटने, 1819 मध्ये. ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’चा संपादक विल्यम गिफर्ड याला उद्देशून त्याने एक जळजळीत पत्र छापलं, त्यात हा शब्द आहे. हे नियतकालिक सरकारधार्जिण्या टोरी पक्षाचं, हॅझलिट सुधारणावादी. त्याच्या पुस्तकांवर तिथे सडकून टीका झाली होती. त्याचा संताप रास्तच होता.

पण गिफर्ड खरोखरच जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवारी केलेला माणूस होता. डेव्हनमधल्या ॲशबर्टनचा हा पोरका मुलगा. ज्युव्हेनल या रोमन कवीच्या त्याने केलेल्या भाषांतराला 1802 मध्ये त्याने स्वतःची हकिकत प्रस्तावना म्हणून जोडली, त्यात ते दिवस आहेत. गणिताची विलक्षण ओढ, पण कागद, लेखणी, शाई घ्यायला पैसा नाही. मग तो चामड्याचे तुकडे ठोकून गुळगुळीत करायचा आणि बोथट आरीने त्यांवर बीजगणिताची उदाहरणं सोडवायचा. पुढे विल्यम कुक्सली या डॉक्टरने वर्गणी जमवून त्याच्या उमेदवारीची उरलेली मुदत विकत घेतली आणि गिफर्ड ऑक्सफर्डला शिकला.

गिफर्डच्या पक्षपाताला झोडपायला हॅझलिटपाशी कारणं पुष्कळ होती. त्यासाठी त्या माणसाच्या जुन्या धंद्याला हात घालायला नको होता. वहाणेपलीकडे जाण्यासाठी त्या मुलाने आरी झिजवली होती. कवी ली हंटने तर 1823 मध्ये गिफर्डची टर उडवणारं आख्खं काव्य याच शब्दाचं नाव देऊन छापलं. गिफर्ड 1824 पर्यंत संपादकाच्या खुर्चीत होता.