वाढत्या अंगाचं

मे महिन्यात कपाटं उपसायची, हा आमच्या घरचा नेम. यंदा लेकीची आठवी संपली आणि तिचा खण तिनेच रिकामा केला. मी पलंगाच्या कडेला बसून नुसती घड्या घालत होते. ढिगात पाचवीपासूनची चार वर्षं पडली होती. सगळ्यात खाली शाळेचा निळा ट्युनिक. त्याची खालची दुमड दोनदा उसवून लांबी वाढवलेली, त्यामुळे फिकट कापडावर दोन गडद रेघा. त्यावर एक काळं हुडीचं जॅकेट, एक राखाडी कुर्ता (हा माझा, तिथे कसा गेला कोण जाणे) आणि साखळ्या लावलेली एक पँट.

२०२२च्या जूनमध्ये ती पाचवीत गेली. त्याआधीची तिसरी आणि चौथी करोनामुळे बहुतेक घरातच झाली होती, कॅमेऱ्यापुरता वर शाळेचा शर्ट आणि खाली पायजमा. त्यामुळे चारचौघांत काय घालायचं, हा प्रश्न तिला खरं तर पाचवीतच पहिल्यांदा पडला. ट्युनिक शिवायला टाकला तेव्हा सासूबाई नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "वाढत्या अंगाचा शिवून घे गं, आणि आत माया सोडायला सांग." शिवणीच्या आत सोडलेल्या जास्तीच्या कापडाला आपल्याकडे माया म्हणतात. हा शब्द ज्या बाईने पहिल्यांदा वापरला असेल, तिला नक्की मुलगी असणार.

त्या वर्षी मी एक निश्चय केला होता, की हिला 'सगळ्यांकडे आहे' या आजारापासून लांब ठेवायचं. माझं बालपण साताऱ्यातलं. दिवाळीला आम्हा तिघी चुलत बहिणींना एकाच ताग्यातले फ्रॉक शिवले जायचे आणि फोटोत आम्ही बँडवाल्यांसारख्या दिसायचो. तेव्हा कसलं प्रेशर नव्हतं, असं मी लेकीला बरेचदा ऐकवलं. ते खोटं होतं. शेजारच्या मुलीकडे जीन्सची मिडी होती आणि तशा मिडीसाठी मी दोन दिवस जेवले नव्हते. हे मी तिला फार उशिरा सांगितलं.

सहावीचं वर्ष त्या काळ्या जॅकेटचं. डिसेंबरात घेतलं ते ठीक. मार्च उजाडला, पुण्यात दुपारी अंगाची लाही व्हायला लागली, तरी बाई जॅकेट काढेनात. रिक्षात, शिकवणीला, सोसायटीच्या बागेत, चेन गळ्यापर्यंत ओढलेली. मी ठरवूनच टाकलं की हे मैत्रिणींचं खूळ. टोमणे मारले, एकदा ते धुवायच्या निमित्ताने लपवूनही ठेवलं. त्या दिवशी ती शिकवणीला गेलीच नाही, पोट दुखतंय म्हणाली. जवळजवळ दीड महिना मी फॅशनशी लढत होते.

उलगडा केला आमच्या गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या काकूंनी. शाळेचा शर्ट सैल करायला दिला होता. माप घेऊन झाल्यावर लेकीला बाहेर पाठवून त्या हळूच म्हणाल्या, "ताई, शर्टाचं कापड पातळ आहे हो. आत घालायला काहीतरी घेऊन द्या आता. पोरगी खांदे पाडून उभी राहते."

इतकंच होतं. तिला जॅकेटची हौस नव्हती, तिला आडोसा हवा होता. आणि मी, जिने स्वतः त्या वयात दप्तर छातीशी धरून दोन वर्षं काढली, मला ते दिसलं नाही.

पुढची खरेदीही धड झाली नाही. लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात काउंटरपलीकडच्या माणसाने "साइज?" असं इतक्या मोठ्याने विचारलं, की लेक मागच्या मागे पायऱ्या उतरून रस्त्यावर. मग चार दिवसांनी सगळ्या विक्रेत्या बायकाच असलेलं एक छोटं दुकान शोधलं. आधी घरी मीच टेप लावून माप घेतलं, ते चिठ्ठीवर लिहिलं आणि चिठ्ठी तिनेच पुढे केली. एक शब्द बोलावा लागला नाही. मऊ सुती स्लिप आणि बिगिनर्स ब्रा, असे सहा नग. पुढच्या सोमवारी जॅकेट खुंटीवर होतं. ज्यांच्या घरी दहा-अकरा वर्षांची मुलगी आहे त्यांनी कपाटाची सुरुवात इथून करावी, जीन्सपासून नाही.

शनिवारच्या पांढऱ्या गणवेशाचंही तसंच. शाळेत शनिवारी पीटी, म्हणून पांढरा स्कर्ट. पाळी सुरू झाली आणि महिन्यातला एखादा शनिवार तिला नेमका ताप यायला लागला. तिच्या वर्गातल्या मुलींच्या आम्ही सात-आठ आयांनी मिळून अर्ज दिला. पहिल्या वर्षी उत्तर आलं नाही. दुसऱ्या वर्षी एका ओळीची सूचना आली, की मुलींना गडद निळी ट्रॅकपँट चालेल. एवढ्यासाठी वर्ष का लागावं, हे मला अजून समजलेलं नाही. असो.

राखाडी कुर्त्याची गोष्ट सांगायला हवी, कारण ती माझ्यावर उलटलेली आहे. नवरात्रात नऊ दिवस नऊ रंग नेसायची टूम आपल्याकडे महाराष्ट्र टाइम्सने वीसेक वर्षांपूर्वी रुजवली आणि आता तिला परंपरा म्हणण्यापर्यंत आपली मजल गेली आहे. आमच्या ऑफिसात रोज दुपारी फोटो निघतो. एका वर्षी राखाडी रंग आला आणि माझ्याकडे राखाडी काहीच नव्हतं. आदल्या रात्री साडेआठला दुकान बंद होता होता मी चौदाशे रुपयांचा कुर्ता घेऊन आले. लेक अभ्यास करत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, तुला ग्रे आवडत नाही ना?"

"नाही गं, पण ऑफिसात सगळ्या..."

वाक्य तिथेच राहिलं. तिनेही ते पुरं केलं नाही, हा तिचा मोठेपणा. पण त्यानंतर मैत्रिणींचं प्रेशर या विषयावर मी घरात प्रवचन दिलं नाही. नीट मोजायला बसले तेव्हा लक्षात आलं, की तिच्या कपड्यांवर सर्वात जास्त बोलणारी माणसं सगळी चाळिशीपुढची होती. 'एवढी ढगळ कशाला', 'एवढं घट्ट कशाला', 'मामाकडच्या मुंजीत हे घालणार?', 'काळी दिसतेस त्यात'. यातलं एकही वाक्य तिच्या वर्गातल्या मुलीचं नव्हतं. सासूबाईंनीच एकदा विषय संपवला. म्हणाल्या, "मी आठवीत गेले आणि शाळेतच साडी लागली. कुणी विचारलं नाही मला. सायकल सुटली ती सुटलीच." मग नातीची ढगळ कार्गो पँट हातात घेऊन त्यांनी तिचे खिसे मोजले. सहा निघाले. फार कौतुक वाटलं त्यांना.

सातवीत मी कपड्यांचे पैसे तिच्याच हातात दिले. सहा महिन्यांना तीन हजार, दिवाळीचा ड्रेस वेगळा. शाळेचे कपडे आणि आतले कपडे माझ्याकडे, बाकी तिने बघायचं. अट एकच, संपले की संपले. कपडे विकणाऱ्या शीन ॲपवर जून २०२० मध्ये बंदी आली तेव्हा ही तिसरीत होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिलायन्समार्फत ते परत आलं तेव्हा सातवीत, आणि शिकवणीतल्या मुली फोनमध्ये डोकी घालून बसलेल्या. तिने मात्र कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटला जायचं ठरवलं, कारण तिथे घासाघीस करता येते. तिथे अकराशेला साखळ्यांची पँट घेतली. ही फार घातली जाणार नाही, हे मला ती पाहताच कळलं होतं. मी बोलले नाही, आणि या चार वर्षांत मी केलेलं सर्वात अवघड काम तेच.

पँट तीनदा घातली गेली. शिकवणीत सतरंजीवर बसावं लागतं, मांडी घातली की साखळी रुतायची आणि उठताना खणखण वाजायची. तेव्हापासून ट्रायल रूममध्ये तिची स्वतःची परीक्षा असते. आधी फरशीवर मांडी घालून बसायचं, मग दोन्ही हात वर करायचे, मग खिशात हात घालून बघायचे. आरशात बघणं शेवटी. बाहेर मैत्रिणी "भारी दिसतंय, घेऊन टाक" म्हणून ओरडत असल्या तरी आतून "थांबा, बसून बघते" असं उत्तर येतं. हे मी शिकवलेलं नाही. मी शिकवलं असतं तर तिने केलंही नसतं.

आठवीत मागणी अगदी कमी झाली. दोन जीन्स, त्यातली एक बाबाची जुनी, काकूंकडून आटवून घेतलेली. मुलग्यांच्या विभागातले तीन टी-शर्ट, कारण त्यांचं कापड जाड असतं असं तिचं म्हणणं. मैत्रिणींसारखा एक को-ऑर्ड सेटही तिने घेतला. मैत्रिणींसारखाच हवा म्हणून घेतला, आणि तो तिला आवडतो. पूर्वी मी यावर काहीतरी बोलले असते.

यंदा नववीचा गणवेश शिवायला काकूंकडे गेलो तेव्हा मी सवयीने तोंड उघडलं, पण तिने आधीच सांगून टाकलं, "काकू, माया सोडा. आणि खिसा दोन्ही बाजूंना."

ढिगाचे तीन वाटे झाले. ट्युनिक मी ठेवून घेतला. जॅकेट कामवाल्या मावशींच्या मुलीला हवं होतं, तिला दिलं. साखळ्यांची पँट साताऱ्याला जाणार. तिथल्या सहावीतल्या मामेबहिणीने तिच्यासाठी दिवाळीपासून नंबर लावून ठेवलाय.