नव्या घरी जुना पत्ता

आमच्या गल्लीतील एका मुलीला तिच्या मामाने आपला संगणक दिला. पुण्यास तो नीट चाले. गावी आणला, तार जोडली, आणि इंटरनेट बंद! दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या अर्जाची शेवटची तारीख. सारी कागदपत्रे त्याच संगणकात.

आई म्हणाली, "गुरुजी, गाडीत हादरे बसून मोडला बघा ह्यो. पोरीचं वरीस वाया जातंय."

मी म्हटले, "अक्का, घाबरू नका. एकेक गोष्ट तपासू."

मंडळी, असे झाले तर प्रथम दोष कोठे आहे ते पाहावे. घरात इंटरनेट आणून वाटून देणारी जी छोटी पेटी असते, तिला राउटर म्हणतात. आम्ही अक्कांच्या मोबाइलचा डेटा बंद केला व तो राउटरच्या वायफायवर लावला. मोबाइल चालला. म्हणजे राउटर ठीक. तोही चालला नसता, तर राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून पुन्हा सुरू केला असता.

मग तार पाहिली. ती घट्ट बसली होती. खोबणीजवळचा दिवा लुकलुकत होता. म्हणजे तारही ठीक.

आता उरला पत्ता. पत्र यायचे तर घराला पत्ता हवा. तसेच राउटरवरील प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता लागतो. त्यास आयपी पत्ता म्हणतात. बहुधा राउटर तो आपणहून देतो. पण मामाने पुण्यास हा पत्ता हाताने लिहून ठेवला होता: १९२.१६८.१.५०. गावच्या राउटरचा पत्ता होता १९२.१६८.०.१. तिसरा आकडा पाहा. तेथे १, येथे ०. बिचारा संगणक गावात येऊनही पुण्याचाच पत्ता सांगत होता, आणि पुण्याचाच राउटर शोधीत होता! तो येथे कसा सापडणार?

मुलीने संगणकाचे 'सेटिंग्ज' उघडले. त्यात 'नेटवर्क अँड इंटरनेट', त्यात 'इथरनेट'. तेथे 'आयपी असाइनमेंट'पुढे 'मॅन्युअल', म्हणजे हाताने, असे होते. 'एडिट' दाबून तिने 'ऑटोमॅटिक' निवडले व 'सेव्ह' केले. 'डीएनएस' हे खाते नावावरून पत्ता शोधून देते. तेथेही तिने 'ऑटोमॅटिक' केले. क्षणभरात राउटरने नवा पत्ता दिला आणि इंटरनेट सुरू झाले.

एक खूण ध्यानात ठेवा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर संगणकाने पत्ता मागितला, पण राउटरकडून मिळाला नाही, असे समजावे. तेव्हा तार पाहावी आणि दोन्ही यंत्रे बंद करून पुन्हा सुरू करावीत. संगणक वायफायवर असेल, तर नव्या घरच्या वायफायचे नाव निवडून पासवर्ड नव्याने घालावा. तो पुष्कळदा राउटरच्या खाली चिकटविलेला असतो.

रात्री नऊ वाजता अर्ज गेला. अक्का म्हणाल्या, "मी तर उद्या दुरुस्तीला न्यायला निघाले होते. पैसं गेलं असतं अन् तारीखबी."

मुलीने वहीत लिहून ठेवले: आधी राउटर, मग तार, मग पत्ता. तुम्हीही लिहून ठेवा.