एका पत्राला नकार आला, म्हणून…

सुरत म्हटलं की मराठी माणसाला शिवरायांची स्वारी आठवते, नाहीतर 1907 च्या काँग्रेस अधिवेशनात भिरकावलेला जोडा. सुरतेच्या बायकांना मत कसं मिळालं, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. सुरत तेव्हा मुंबई इलाख्यात होती. आणि या गोष्टीचा एक धागा थेट आयर्लंडला जातो!

मार्गारेट कझिन्स या आयरिश बाईंनी 1908 मध्ये हॅना शीही-स्केफिंग्टन यांच्यासोबत डब्लिनमध्ये स्त्री-मताधिकाराची संघटना काढली. 1913 मध्ये डब्लिन कॅसलच्या काचा फोडल्या म्हणून तुरुंगात गेल्या आणि तिथे उपोषणही केलं. दोन वर्षांनी त्या भारतात आल्या. इथे त्यांनी हत्यार बदललं. दगडाऐवजी पत्र!

1917 मध्ये भारतमंत्री माँटेग्यू येणार होते. मुलींच्या शिक्षणाविषयी बोलायला वेळ द्या, असं कझिन्सबाईंनी लिहिलं. उत्तर आलं, फक्त राजकीय विषयच ऐकून घेऊ. ठीक! बाईंनी निवेदनात मताधिकाराची मागणी घातली. डिसेंबरात सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली महिलांचं शिष्टमंडळ मद्रासेत माँटेग्यूंना भेटलं. सरकारी नकाराचा इतका फर्मास उपयोग क्वचितच कोणी केला असेल.

माझ्या आवडत्या मात्र हेराबाई टाटा. 1911 मध्ये काश्मीरच्या सहलीत त्यांना राजकन्या सोफिया दुलीपसिंग भेटल्या. त्यांच्या कपड्यांवर ‘स्त्रियांना मत द्या’ असा छोटा हिरवा-पांढरा-पिवळा बिल्ला होता. हेराबाईंनी कुतूहलाने विचारलं, आणि तिथून त्या चळवळीतच शिरल्या. 1919 मध्ये लेक मिठनला घेऊन लंडन गाठलं. तिथे पार्लमेंटच्या समितीपुढे बाजू मांडायची, सभा घ्यायच्या, खासदारांचे उंबरे झिजवायचे, आणि या सगळ्याची खबर मुंबईतल्या सहकारी जाईजी पेटिटना पत्रांतून कळवायची. टपाल बोटीने यायचं. एका प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत महिना उलटून जायचा. तरी मायलेकींनी चिकाटी सोडली नाही.

पार्लमेंटने निर्णय प्रांतांवर ढकलला. मद्रासपाठोपाठ 1921 मध्येच मुंबईच्या कायदेमंडळानेही बायकांवरची बंदी उठवली. मालमत्तेची अट होतीच, त्यामुळे यादीत नावं मोजकीच आली. पण दार उघडलं, मुंबई-पुण्यासाठी आणि सुरतेसाठीही.

कझिन्सबाईंची लेखणी पुढेही चालूच राहिली. 1926 मध्ये त्यांनी देशभरच्या बायकांना पत्रं धाडली आणि जानेवारी 1927 मध्ये पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात, अखिल भारतीय महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई होत्या. हेराबाईंची लेक मिठन तर 1923 मध्येच बॅरिस्टर झाल्या होत्या. 1947 मध्ये त्या मुंबईच्या पहिल्या महिला शेरीफ झाल्या.

हेराबाईंची पत्रं कोणीतरी जपली, म्हणून लंडनमधली ती धावपळ आज कळते. तुमच्या आजी-पणजीच्या ट्रंकेत महिला मंडळाची जुनी पत्रं, इतिवृत्तं असतील, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी ती एकदा वाचून बघा.