सकाळी दहापर्यंतची दोस्ती

श्रोतेहो, एक माणूस 28 वर्षांची शिक्षा भोगून तुरुंगाबाहेर येतो. त्याला न्यायला दाराशी कोण उभे असते? बायको नाही, मुलगा नाही. एक जुना मित्र, तोही त्याच्याच धंद्यातला. आणि थोड्याच वेळात आपल्याला कळते की उद्या सकाळी दहाच्या आत याच मित्राने त्याला गोळी घालायची आहे. तसा हुकूमच आहे.

2012 साली निघालेल्या 'स्टँड अप गाइज' या अमेरिकन चित्रपटाची ही सुरुवात. तुम्ही म्हणाल, यात हसण्यासारखे काय? पण चित्रपट विनोदी आहे. हे कसे जमते ते आज पाहू.

आधी नावाचा अर्थ. तिकडच्या टोळ्यांच्या बोलीत हे नाव देतात ते पोलिसांनी कितीही पिळून काढले तरी साथीदारांची नावे न सांगणाऱ्या माणसाला. आपल्याकडे 'माफीचा साक्षीदार' म्हणजे काय हे खेड्यातल्या पोरालासुद्धा ठाऊक असते. त्याच्या बरोबर उलटा माणूस. चित्रपटातला व्हॅल तसा आहे. एका जुन्या गोळीबारात टोळीच्या म्होरक्याचा एकुलता एक मुलगा व्हॅलच्या हातून चुकून मारला गेला. व्हॅल तुरुंगात गेला, पण त्याने कोणाचे नाव घेतले नाही. म्होरक्या मात्र विसरला नाही. त्याने सूड घेण्याचे काम नेमके सोपवले ते व्हॅलच्या जिवलग मित्रावर, डॉकवर.

व्हॅल झाला आहे अल पचिनो, डॉक ख्रिस्तोफर वॉकेन. तिसरा साथीदार हर्श याच्या भूमिकेत अ‍ॅलन आर्किन. चित्रपट आला तेव्हा पचिनो 72 वर्षांचा, वॉकेन 69, आर्किन 78. म्हणजे म्हातारपण रंगवून लावलेले नाही, ते मूळचेच. शिवाय 1972 च्या 'गॉडफादर'मधला तरणाबांड पचिनो ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याच्या चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती काहीतरी सांगते.

आता विनोद. तो येतो कुठून? सवयी तरुणपणाच्या आणि शरीर म्हातारे, या ओढाताणीतून. हे दोघे रात्री औषधाचे दुकान फोडतात, आणि एवीतेवी आत शिरलोच आहोत तर म्हणून डॉक आपल्या नेहमीच्या औषधांचीही बेगमी करून घेतो! मग हर्शला वृद्धाश्रमातून पळवून आणतात. तो पूर्वी टोळीची गाडी हाकायचा. खोलीत तो मलूल पडलेला असतो. पण चोरलेल्या मोटारीचे चाक हाती येताच गडी असा काही गाडी सोडतो की पोलीस मागे राहतात. आपण मनापासून हसतो. थोड्या वेळाने हाच हर्श गाडीत बसल्याबसल्या शांतपणे प्राण सोडतो. दोघे मित्र त्याच्या मुलीला जाऊन सांगतात आणि रात्रीच त्याला पुरतात. दुसरे आहे कोण त्यांना?

काही विनोद उगाच चावट आहेत, हेही सांगितले पाहिजे. वेश्यागृहातले प्रसंग कात्रीत गेले असते तर बिघडले नसते. शिक्षकमंडळींनी हा चित्रपट मुलांना दाखवू नये. स्वतः अवश्य पाहावा.

पण सगळा चित्रपट तोलून धरला आहे तो एका गोष्टीने. डॉकला काय करायला सांगितले आहे, हे व्हॅल लवकरच ओळखतो. तो आरडाओरडा करत नाही, पळून जात नाही. सरळ विचारतो, आणि पुढची सगळी रात्र दोघे बरोबर काढतात. खातात, पितात, भटकतात. एकाला मारायचे आहे, दुसऱ्याला ते माहीत आहे, आणि तरी गप्पा चालल्या आहेत. घड्याळ नसते तर या गप्पा पोकळ वाटल्या असत्या. दहाचा ठोका डोक्यावर आहे म्हणून साध्या जेवणालाही वजन येते.

डॉक म्होरक्याला दयेसाठी विनवतो. तो उलट डॉकच्या नातीला धमकावतो. ही मुलगी एका हॉटेलात वाढपी आहे. डॉक तिथे जेवायला जातो, पण आपण तिचे आजोबा हे तिला सांगत नाही. आता मित्र की नात? खरा पेच हा आहे.

असाच पेच फ्रेंच दिग्दर्शक झाक बेकर याने 1954 सालीच एका चित्रपटात मांडला होता. त्यात झाँ गाबँ मॅक्स नावाचा उतारवयाचा गुन्हेगार होतो. त्याच्या भाबड्या मित्राला दुसरी टोळी पळवून नेते, आणि मॅक्स त्याच्या बदल्यात चोरलेले सगळे सोने द्यायला तयार होतो. पण मला आठवतो तो त्याआधीचा प्रसंग: हे दोघे दरोडेखोर रात्री खोलीवर काहीतरी खातात, पायजमे चढवतात, दात घासतात आणि झोपतात. बस्, एवढेच! 'स्टँड अप गाइज' त्या तोडीचा नाही. पण जात तीच.

मला एक खटकते. मुलगा गमावलेला बापही दुःखीच ना? त्याला चित्रपटाने नुसता खलपुरुष करून टाकले. दोघा मित्रांवर आपण माया करावी म्हणून तिसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरवली. मित्राशी इमान राखणारा व्हॅल त्या मुलाचा मारेकरीही आहे, हे आपण हसता हसता विसरतो, आणि दिग्दर्शक फिशर स्टीव्हन्स विसरू देतो.

शेवटी डॉक नातीसाठी पत्र आणि आपल्या खोलीची किल्ली ठेवतो. मग दोघे म्होरक्याच्या अड्ड्यावर चालत जातात. गोळ्या सुटू लागतात, आणि कॅमेरा त्यांना सोडून वर आकाशाकडे वळतो. उगवतीचे रंग पसरलेले असतात. डॉक फावल्या वेळी असल्याच सूर्योदयांची चित्रे काढायचा.