घटक ६ : छायाचित्र, वास्तू आणि चित्रओळ – डब्लिन शहराच्या आधारे

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला,
• ऐतिहासिक वास्तूचे छायाचित्र घेताना प्रकाश व कोन यांचा विचार कसा करावा, हे सांगता येईल.
• छायाचित्रातील खुणांवरून त्याचा काळ ठरवता येईल.
• छायाचित्राला नेमकी व माहितीपूर्ण चित्रओळ लिहिता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, जुन्या शहराचे छायाचित्र हा एक दस्तऐवज असतो. आयर्लंडची राजधानी डब्लिन हे याचे ठळक उदाहरण आहे. जून १९२२ मध्ये यादवी युद्धाच्या प्रारंभी तेथील ‘फोर कोर्ट्स’ या न्यायालय-संकुलात लढाई झाली आणि शेजारचे सार्वजनिक अभिलेखागार नष्ट झाले. अनेक शतकांची कागदपत्रे त्यात जळून गेली. जेथे कागद उरत नाही, तेथे इमारती, रस्ते आणि त्यांची चित्रे यांना पुराव्याचे मोल येते. असे चित्र घ्यावे कसे, वाचावे कसे आणि त्याविषयी लिहावे कसे, या तीन प्रश्नांचा विचार आपण या घटकात करणार आहोत.

६.२ प्रकाश आणि कोन

डब्लिन सुमारे ५३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून केवळ १३ अंशांच्या आसपास चढतो आणि दिवस साडेसात तासांचा असतो. जूनमध्ये तोच दिवस सुमारे सतरा तासांचा होतो. हिवाळ्यातील तिरपा प्रकाश कोरीवकामाचे बारकावे उठावदार करतो. मात्र अरुंद रस्त्यांवर समोरच्या घरांची सावली दिवसभर पडून राहते.

म्हणून वास्तूचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हे आधी पाहावे. लिफी नदी शहरातून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. तिच्या उत्तर काठावरील ‘कस्टम हाउस’ व ‘फोर कोर्ट्स’ या वास्तू दक्षिणाभिमुख असल्यामुळे त्यांच्यावर दिवसाचा बराच काळ ऊन असते. ओ’कॉनेल स्ट्रीटवरील मुख्य टपाल कार्यालय पूर्वाभिमुख आहे. त्याच्या स्तंभांचे चित्र सकाळीच घ्यावे लागते.

कॅमेरा वर रोखला की इमारतीच्या उभ्या रेषा वरच्या बाजूस एकमेकींकडे झुकतात आणि इमारत मागे कलल्यासारखी दिसते. हा दोष टाळण्यासाठी कॅमेरा सरळ धरावा आणि शक्य तेवढे मागे जावे. नदीकाठच्या वास्तूंसाठी पलीकडचा काठ ही यासाठी उत्तम जागा ठरते.

६.३ दगडावरील खुणा

कस्टम हाउस ही वास्तुकार जेम्स गँडन यांची १७९१ मध्ये पूर्ण झालेली रचना. मे १९२१ मध्ये, स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात, ती पेटवून देण्यात आली. मूळ बांधकामात इंग्लंडहून आणलेला फिकट पोर्टलंड दगड होता. घुमटाची पुनर्बांधणी मात्र आयर्लंडमधील आर्डब्रॅकन येथील चुनखडीच्या दगडाने झाली. हा दगड गडद आहे. त्यामुळे आजच्या छायाचित्रात भिंती उजळ आणि घुमट काळपट दिसतो. ही विसंगती म्हणजे आगीची नोंद होय. छायाचित्र ‘सुधारण्याच्या’ हौसेने दोन्ही दगड एकाच रंगाचे केले, तर इमारत देखणी दिसेल. पण तिने जपलेली साक्ष पुसली जाईल.

हाच विचार टपाल कार्यालयासही लागू पडतो. १८१८ मध्ये सुरू झालेली ही वास्तू १९१६ च्या ईस्टर उठावाचे मुख्य ठाणे होती. तिच्या स्तंभांवर गोळ्यांच्या खुणा आहेत. दूरच्या चित्रात वास्तूची भव्यता येते, त्या खुणा येत नाहीत. त्यासाठी जवळचे स्वतंत्र चित्र आवश्यक असते.

६.४ काळनिश्चिती

ओ’कॉनेल स्ट्रीटच्या छायाचित्रावर तारीख नसली, तरी काळ ठरवण्याचा एक सोपा मार्ग आहे. टपाल कार्यालयाजवळ १८०९ पासून उंच ‘नेल्सन स्तंभ’ उभा होता. मार्च १९६६ मध्ये तो स्फोटाने उद्ध्वस्त झाला. त्या जागी सुमारे १२० मीटर उंचीचा पोलादी ‘स्पायर’ जानेवारी २००३ मध्ये पूर्ण झाला. चित्रात स्तंभ असेल तर ते मार्च १९६६ पूर्वीचे. स्पायर असेल तर अलीकडचे. रस्त्याचा तोच भाग दिसत असून दोन्ही नसतील, तर बहुधा मधल्या काळातील.

जुन्या चित्रांचा मोठा ठेवा म्हणजे आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील ‘लॉरेन्स संग्रह’. विल्यम लॉरेन्स यांच्या व्यवसायासाठी रॉबर्ट फ्रेंच या छायाचित्रकाराने १९१४ पर्यंतच्या काही दशकांत देशभर फिरून यातील बहुसंख्य दृश्ये काचेच्या पट्ट्यांवर टिपली. १९१६ च्या उठावात लॉरेन्स यांचे दुकान जळाले. इतरत्र ठेवलेल्या पट्ट्या मात्र वाचल्या. विक्रीच्या हेतूने काढलेली ही दृश्ये आज नाहीशा झालेल्या रस्त्यांची साधने ठरली आहेत.

सर्व हानी युद्धामुळेच झाली असे नाही. लोअर फिट्झविल्यम स्ट्रीटवर अठराव्या शतकातील घरांची सलग रांग होती. तीतील १६ घरे १९६० च्या दशकात कार्यालयासाठी पाडण्यात आली. त्या रांगेची अखंडता आज जुन्या चित्रांतच पाहता येते.

६.५ नावांचा प्रश्न

डब्लिनमधील रस्त्यांच्या पाट्यांवर आयरिश आणि इंग्रजी अशी दोन्ही नावे असतात. शहराचीही दोन नावे आहेत आणि त्यांचे अर्थ वेगळे आहेत. ‘डब्लिन’ हे आयरिशमधील ‘काळा डोह’ या अर्थाच्या शब्दांवरून आले. शहराच्या आयरिश नावाचा अर्थ ‘कुडाच्या उताराचे गाव’ असा होतो. येथे ‘उतार’ म्हणजे नदी पायी ओलांडण्याची जागा. एक नाव पाण्याच्या खोलीवरून, तर दुसरे त्याच्या उथळपणावरून पडले आहे. म्हणून पाटी चित्रात येईल असे पाहावे. ओ’कॉनेल स्ट्रीटचे अधिकृत नाव १९२४ पर्यंत ‘सॅक्व्हिल स्ट्रीट’ होते. त्यापूर्वीच्या चित्राची ओळ लिहिताना तत्कालीन नाव आधी व आजचे नाव नंतर द्यावे.

६.६ चित्रओळ

पुढील दोन ओळींची तुलना करा.

(अ) डब्लिनमधील एक भव्य व सुंदर इमारत.
(आ) कस्टम हाउस, लिफी नदीचा उत्तर काठ, डब्लिन. वास्तुकार जेम्स गँडन, १७९१. १९२१ च्या आगीनंतर घुमट वेगळ्या दगडात बांधला; रंगातील फरक पाहावा. दक्षिण काठावरून घेतलेले छायाचित्र.

पहिली ओळ लेखकाची भावना सांगते. दुसरी वाचकाला पाहायला शिकवते. स्थळ, काळ, कर्ता, लक्षणीय खूण आणि छायाचित्रकाराची जागा हे चांगल्या चित्रओळीचे पाच घटक होत. विशेषणे गाळली तरी तिचे काही बिघडत नाही. तपशील गाळला तर चित्र मुके होते.

सारांश

वास्तूची दिशा व प्रकाश पाहून चित्र घ्यावे, तिच्यावरील जखमा झाकू नयेत, काळाच्या खुणा ओळखाव्यात आणि चित्रासोबत नेमके शब्द ठेवावेत. इमारत पडू शकते, रस्त्याचे नाव बदलू शकते; अशा वेळी चित्र आणि चित्रओळ मिळून पुरावा टिकवतात.

स्वाध्याय

१. कस्टम हाउसच्या घुमटाचा रंग हा ऐतिहासिक पुरावा का ठरतो, ते स्पष्ट करा.
२. तारीख नसलेल्या छायाचित्राचा काळ कसा ठरवता येतो? सोदाहरण लिहा.
३. आपल्या गावातील एका जुन्या वास्तूचे छायाचित्र घ्या आणि वरील पाच घटकांचा समावेश असलेली, चाळीस शब्दांपर्यंतची चित्रओळ लिहा.