सहाचं गणित आणि मोराचं पिल्लू

बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे. 1994 साली ते जाहीर झालं. तिथे मोर पाहायचा म्हटलं की सगळे पिसारा शोधतात. मला मात्र मोराचं पिल्लू जास्त आवडतं. फिकट बदामी रंगाचा गोल गोळा, आणि मानेमागे गडद तपकिरी खूण. अंड्यातून बाहेर आलं की थोड्याच वेळात ते आईमागे चालू लागतं, आपलं आपण टिपून खातं. पिसारा त्याच्या ध्यानीमनीही नसतो.

हे पिल्लू आपण आज क्रोशाने विणायचं आहे. पहिल्यांदाच सुई हातात धरणाऱ्यानेसुद्धा! कारण पिल्लू म्हणजे दोन चेंडू: मोठा अंगाचा, छोटा डोक्याचा. आणि चेंडू विणता आला की अर्धं प्राणिसंग्रहालय तुमच्या हातात आलं.

रुखवतातले रुमाल, दारावरचं तोरण, बाळकृष्णाचा झगा हे सगळं आजीने क्रोशानेच विणलेलं तुम्ही पाहिलं असेल. तिला विचारा, ती साखळी आणि मुका खांब पाच मिनिटांत शिकवेल. आपल्याला एवढेच दोन टाके लागतात. जाडसर लोकर घ्या, आणि सुई जरा बारीकच घ्या, म्हणजे वीण घट्ट येईल आणि आतला कापूस बाहेर डोकावणार नाही.

आता सुरुवात. दोन साखळ्या घाला आणि पहिल्या साखळीच्या घरात सहा मुके खांब घाला. ही पहिली ओळ, 6 टाके. दुसऱ्या ओळीत प्रत्येक घरात दोन, झाले 12. तिसरीत दर दुसऱ्या घरात दोन आणि बाकीच्या घरांत एकेक, म्हणजे 18. चौथीत दर तिसऱ्या घरात दोन, 24. पाचवीत दर चौथ्या घरात दोन, 30. ओळ कुठे सुरू झाली ते कळायला तिथे वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवा.

पाहा, हातात सपाट चकती आली! दर ओळीला बरोबर सहाच टाके का वाढवले? पाच का नाहीत, दहा का नाहीत?

विहिरीच्या गोल कठड्याला दोरी गुंडाळली आहे, असं समजा. आता तीच दोरी कठड्यापासून चहूबाजूंनी एक मीटर लांब धरायची आहे. किती दोरी जास्त लागेल? सुमारे 6.28 मीटर. बरं, आता अख्ख्या पृथ्वीला विषुववृत्तावर दोरी गुंडाळा आणि ती सगळीकडे एक मीटर वर उचला. आता किती जास्त? तेवढीच, 6.28 मीटर! वर्तुळ विहिरीएवढं असो की पृथ्वीएवढं, त्रिज्या एकाने वाढली की परीघ 2π ने वाढतो, आणि 2π म्हणजे सहाहून थोडं जास्त. मुका खांब जेवढा रुंद, जवळपास तेवढाच उंच असतो. म्हणून चकतीची प्रत्येक ओळ त्रिज्या एका टाक्याने वाढवते आणि परिघाला साधारण सहा टाके मागते. उंच खांबाने चकती विणणाऱ्या बायका बारापासून सुरुवात करतात, तेही याच हिशेबाने.

मग सहावी ओळ 30 चीच विणा, काही न वाढवता. पुढच्या चार ओळीही तशाच. परीघ वाढायचा थांबला, पण वीण तर पुढे चाललीये. ती जाणार कुठे? कडा उभी राहते आणि चकतीची वाटी होते. हे आपल्या बोटांखाली घडताना पाहणं मला अजूनही जादूसारखं वाटतं. आता टाके कमी करा. दर ओळीत सहा ठिकाणी दोन घरांचा एक खांब करत 24, मग 18. वाटीचं तोंड मिटू लागतं.

मिटायच्या आधी कापूस भरा. बीडमध्ये कापसाला काय तोटा! गेवराई-माजलगावकडची शेतं वेचणीच्या दिवसांत पांढरी दिसतात. सरकी काढलेला, पिंजलेला कापूस घ्या. कापसाचा एक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी, लांब वाढलेली! बोंड मिटलेलं असतं तेव्हा ती ओली, गोल नळी असते. बोंड फुटलं की वाळून चपटी होते आणि तिला आपोआप पीळ पडतो. असे पीळदार तंतू एकमेकांत अडकतात, मध्ये हवा धरून ठेवतात, म्हणून पिल्लू दाबलं तर दबतं आणि सोडलं की पुन्हा फुगतं. पुढे 12, मग 6, आणि दोरा ओढून भोक बंद.

डोकंही असंच, फक्त 18 पर्यंतच वाढवायचं आणि चार ओळी सरळ विणायच्या. डोळे काळ्या दोऱ्याने भरा. घरात तान्हं बाळ असेल तर मणी लावू नका, तोंडात जातात. चुकलं तर दोरा ओढा, भराभर उसवेल. क्रोशात सुईवर एकच फास जिवंत असतो, त्यामुळे हवं तिथे थांबून तिथूनच पुन्हा विणता येतं.

आणि सहापेक्षा जास्त टाके वाढवत गेलात तर? कडेला जागा पुरत नाही, ती लाटा घेऊ लागते, कोंबड्याच्या फुलासारखी. 1997 साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डायना तायमिना या गणितज्ञ बाईंनी हेच केलं. समांतर रेषांचे नेहमीचे नियम जिथे चालत नाहीत, असा एक पृष्ठभाग गणितात आहे. त्याचे कागदी नमुने फाटायचे. तायमिनांनी तो क्रोशाने विणला, आणि विद्यार्थ्यांना तो घडी घालून, रेषा आखून तपासता येऊ लागला.

तुमच्या पिल्लाला आता शेपटीकडे थोडा फुगवटा हवा आहे. टाके सगळीकडे सारखे न वाढवता एकाच बाजूला वाढवले तर काय होईल? आधी कागदावर अंदाज लिहा, मग विणून पाहा.